आधी वरचे बूच

(मोटार आपण रोज पाहतो, पण तिच्या पोटात काय चालते याचा विचार क्वचितच करतो. मागच्या दोन चाकांमध्ये असलेल्या डिफरन्शियल नावाच्या पेटीचे काम कसे चालते, तिच्यातील तेल घरच्या घरी कसे बदलतात आणि ते बदलताना कोणती खबरदारी घ्यावी लागते, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या एका अनुभवासह सांगितले आहे.)



प्रजासत्ताक दिनाचे संचलन तुम्ही पाहिले असेल. कदाचित त्यात भागही घेतला असेल. चार-पाच मुलांची रांग सरळ चालत असते, तेव्हा सर्वांची पावले सारखी पडतात. पण रांग मैदानाच्या कोपऱ्यावर वळू लागली की काय होते, ते आठवा. आतल्या बाजूचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो. बाहेरच्या बाजूच्या मुलाला मात्र लांब ढांगा टाकाव्या लागतात. तसे केले नाही तर रांग मोडते.

मोटारीच्या चाकांचेही असेच असते. समजा, मागच्या दोन चाकांमध्ये १.२ मीटर अंतर आहे. गाडी चौकात काटकोनात वळली, तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे १.९ मीटर जास्त अंतर कापावे लागते. वहीवर पाव वर्तुळ काढून हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. गंमत अशी, की वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो.

बैलगाडीला या फरकाची अडचण नसते. तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. गाडी ओढतात ते बैल. मोटारीचे तसे नाही. तेथे इंजिनालाच चाके फिरवावी लागतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळणावर एक चाक रस्त्यावर घासत जाईल. टायर झिजतील, दांड्यावर ताण पडेल आणि गाडी नीट वळणार नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'फरक' हाच अर्थ आहे. 'फरक' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे. दोन चाकांच्या वेगातील फरक सांभाळून घेणारी पेटी, असे आपण तिला म्हणू शकतो. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशी रचना केली. पुढे पेट्रोलच्या मोटारी आल्या, डिझेलच्या आल्या, आता विजेच्याही आल्या. पण ही कल्पना आजही तीच आहे.

जीप किंवा टेम्पो समोरून जात असेल, तर मागच्या चाकांमध्ये वाकून पाहा. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या जाड नळीच्या मधोमध एक गोल, फुगीर भाग दिसेल. तीच ही पेटी. इंजिनाकडून आलेला लांब दांडा तिच्यात शिरतो. त्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते. ते क्राउन व्हील नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. पिनियनला १० दाते आणि क्राउन व्हीलला ४१ दाते असतील, तर पिनियनचे ४.१ फेरे होतात तेव्हा क्राउन व्हीलचा एक फेरा होतो. वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

क्राउन व्हीलसोबत आणखी काही लहान दातेरी चाके फिरतात. वेगाची वाटणी तीच करतात. गाडी सरळ जात असताना दोन्ही चाके मिनिटाला १०० फेरे घेत असतील आणि वळणावर बाहेरच्या चाकाचे ११० फेरे झाले, तर आतल्या चाकाचे ९० होतात. दोघांची बेरीज तीच राहते. म्हणूनच एक चाक चिखलात रुतले की ते एकटेच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्तब्ध उभे राहते. पावसाळ्यात हे दृश्य तुम्ही नक्की पाहिले असेल.

आता तेलाकडे वळू. पिनियनचे आणि क्राउन व्हीलचे दाते एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर एकमेकांवरून घसरतातही. गाडीचे आणि मालाचे सारे ओझे ओढण्याचा जोर त्या थोड्याशा दातांवर येतो. साधे तेल अशा दाबाखाली टिकत नाही. म्हणून येथे दाट गिअर ऑइल घालतात. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. ती दातांवर पातळ थर तयार करतात आणि धातूला धातू भिडू देत नाहीत. या तेलाला जो उग्र वास येतो, तो गंधकामुळे. हे तेल कमी झाले किंवा खराब झाले, तर प्रथम मागून घुंईऽऽ असा आवाज येऊ लागतो. तरीही दुर्लक्ष केले, तर दाते तापतात, झिजतात आणि तुटतात. धावत्या गाडीचे चाक अचानक जखडले, तर आतील माणसांच्या जिवावर बेतू शकते.

हे तेल बदलणे तसे सोपे काम आहे. त्यात एकच नियम असा आहे, की तो मोडला तर पस्तावावे लागते. तो नियम मी कसा शिकलो, ते आधी सांगतो.

१९९४ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. मी आठवीची परीक्षा देऊन मामूंच्या गावी गेलो होतो. मामूंकडे एक जुनी जीप होती. पहाटे आसपासच्या शेतकऱ्यांचे दूध गोळा करून ते शहरात पोहोचवीत. त्या दिवशी दुपारी मामू म्हणाले, "मागच्या पेटीचे तेल बदलायला हवे. मी बाजारातून नवे तेल घेऊन येतो." ते गेले, आणि मला व माझ्या मामेभावाला हुशारी सुचली. ते येईपर्यंत जुने तेल काढून ठेवले, तर मामू खूश होतील! जीप उंच असल्यामुळे ती उचलण्याची गरज नव्हती. आम्ही पाना घेऊन खाली शिरलो, पेटीचे खालचे बूच उघडले आणि काळेभोर तेल घमेल्यात सोडले. बूच परत बसवले आणि ऐटीत बाहेर आलो.

संध्याकाळी मामू तेल घेऊन आले. आता वरचे बूच उघडून नवे तेल भरायचे होते. पण ते बूच काही केल्या हलेना. कित्येक वर्षे कोणी त्याला हात लावला नव्हता. आमचा पाना थोडा मोठा होता. जोर लावला, तसा तो निसटला आणि बुचाचे कोपरे झिजले. अंधार पडला. जुने तेल निघून गेले होते आणि नवे भरण्याची वाट बंद होती. त्यांत भर म्हणजे जुने तेल धुळीने आणि पाल्यापाचोळ्याने भरलेल्या घमेल्यात होते. तेही परत घालता येईना.

पहाटे नेहमीप्रमाणे दुधाचे कॅन आले. जीप दारात उभी होती. पण ती चालवता येत नव्हती. मामूंनी दोन कॅन सायकलला बांधले आणि ते निघाले. दोन कॅन एका ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवरून गेले. उरलेले तसेच राहिले. मे महिन्याचे ऊन! नानींनी चुलीवर जमेल तेवढ्या दुधाचा मावा केला. बाकीचे दूध दुपारपर्यंत नासले. त्या दुधाचे पैसे मामूंनी शेतकऱ्यांना आपल्या खिशातून दिले. ते आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. त्याचेच आम्हांला जास्त वाईट वाटले.

दुपारी शहरातून एक म्हातारे उस्ताद आले. त्यांनी बुचाभोवतीचा गंज ब्रशने साफ केला, त्यावर थोडे डिझेल सोडले आणि ते मुरेपर्यंत शांतपणे चहा घेतला. मग हातोडीने बुचावर हलके ठोके दिले, पाइप-पान्याने ते पक्के धरले आणि हळूहळू जोर लावला. बूच फिरले. उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तुझी मेहनत चांगली होती. क्रम चुकला. रिकामे करण्याआधी भरायची वाट उघडते की नाही, ते बघावे."

मित्रांनो, आता कामाचा क्रम नीट लक्षात घ्या. हे काम तुम्ही एकट्याने करायचे नाही. घरातील जाणत्या माणसाबरोबर, त्यांना मदत म्हणून करायचे. गाडी चालवण्याचे काम तर परवानाधारक मोठ्या माणसांचेच आहे.

सर्वप्रथम गाडीची पुस्तिका वाचा. तेल कोणते, किती आणि किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे तिच्यात दिलेले असते. जीप, ओम्नी, सुमो यांसारख्या ज्या गाड्यांची मागची चाके इंजिन फिरवते, त्यांना मागे वेगळी पेटी असते. ज्या गाड्यांची पुढची चाके इंजिन फिरवते, त्यांत ही रचना बहुधा गिअरबॉक्सच्या आतच असते. तेथे मागे बूच शोधत बसू नये. तेलाच्या डब्यावर 'जीएल-४', 'जीएल-५' असे लिहिलेले असते. 'जीएल-५' चे तेल जास्त दाब सोसते. पण म्हणून ते सगळीकडे चालते असे नाही. काही जुन्या गिअरबॉक्समधील पितळी भागांना ते अपाय करते. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल आणावे.

तेल बदलण्यापूर्वी गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणावी. थंड गिअर ऑइल काकवीसारखे दाट असते. कोमट झाले की ते पातळ होते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन बाहेर येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

गाडी उचलावी लागली, तर एक गोष्ट कधीही विसरू नका. अशा बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची चाके जमिनीवरून उचलली, की त्याचा उपयोग संपला. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी तीच गत होते. मग गाडी थांबवून धरतात ते फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडी मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. दगड-विटांचा भरवसा धरू नये. तेल बदलणे उद्यावर टाकता येते. माणूस परत आणता येत नाही.

आता पेटीकडे पाहा. तिला साधारणपणे दोन बुचे असतात. खालचे तेल सोडण्याचे, वरचे तेल भरण्याचे. दोन्हींच्या भोवतीची माती आधी पुसून काढा. नाहीतर ती आत पडेल. आता उस्तादांचा नियम आठवा. आधी वरचे बूच उघडा. पाना नेमक्या मापाचा घ्या. वरचे बूच उघडले नाही, तर काम तेथेच थांबवा. जुने का होईना, तेल आत आहे. गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेता येईल.

वरचे बूच उघडले, की खाली पसरट भांडे ठेवून खालचे बूच काढा. तेल पूर्ण निथळायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोवर हे तेल वाचायला शिका. होय, तेलही वाचता येते! काही बुचांना आतून लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप दिसला, तर काळजीचे कारण नाही. दाते थोडेफार झिजतातच. पण लोखंडाचे तुकडे किंवा कपच्या सापडल्या, तर पेटी उघडून तपासावी लागेल. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. पेटीला हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेली पेटी पुराच्या थंड पाण्यात बुडाली, की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचे हे तेल लवकर तपासावे.

तेल निथळल्यावर बूच व चुंबक पुसून, नवा वायसर घालून खालचे बूच बसवा. ते घट्ट असावे. पण अंगातला सारा जोर काढून आवळू नये, आटे खराब होतात. मग हातपंपाने किंवा नळी जोडलेल्या बाटलीने वरच्या भोकातून नवे तेल भरा. लहान गाड्यांत ते साधारण एक ते दोन लिटर मावते. तेल वरच्या भोकाच्या काठाशी येऊन बाहेर ओघळू लागले, की थांबा. म्हणूनच गाडी सपाट असणे महत्त्वाचे आहे. ती तिरपी असेल तर पातळी चुकीची दिसते. 'थोडे जास्त असलेले बरे' हा विचार येथे चालत नाही. जास्त झालेले तेल सीलमधून झिरपून ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. ब्रेकला तेल लागले, तर गाडी वेळेवर थांबणार नाही. तेल ओघळणे थांबले, की वरचे बूच लावा, गाडी थोडी फिरवून आणा आणि दोन्ही बुचांखाली ओल नाही ना, ते बोट लावून पाहा.

अजून एक काम उरले आहे. भांड्यातले जुने तेल! ते गटारात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात ओतून देणे सर्वांत सोपे. पण ते अत्यंत चुकीचे आहे. गटारातले तेल नाल्यात जाते, नाल्यातून नदीत जाते. जमिनीत मुरलेले तेल विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात भरावे आणि असे तेल गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पेट्रोलने धुऊ नयेत. त्वचेला इजा होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना ही कामे आवडतील. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकता येतो. काहीजण दुसऱ्या वाटेने जातील. पण उस्तादांचे वाक्य सर्वांच्याच उपयोगाचे आहे. जुने घर पाडण्यापूर्वी, हातचे काम सोडण्यापूर्वी, नवे मिळण्याची वाट उघडी आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. मी आजही कोणतेही काम हाती घेताना स्वतःला विचारतो, "वरचे बूच उघडून पाहिले का?" आणि त्या वेळी चुलीवर मावा आटवणाऱ्या नानी आणि सायकलला कॅन बांधणारे मामू माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात.

शब्दार्थ

बूच – भोक बंद करण्याचे झाकण
आस – चाकाच्या मधून जाणारा दांडा
ढांग – लांब पाऊल
दातेरी – दाते असलेले
स्तब्ध – न हलणारे
घमेले – माती, वाळू वाहण्याचे पसरट भांडे
काकवी – उसाच्या रसाची दाट पातळ अवस्था, गूळ होण्याआधीची
निथळणे – थेंब थेंब गळून रिकामे होणे
आटे – बुचावरील किंवा स्क्रूवरील गोल खाचा
झिरपणे – हळूहळू बाहेर पाझरणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बैलगाडीला डिफरन्शियलची गरज का नसते?
(आ) गिअर ऑइलला उग्र वास कशामुळे येतो?
(इ) तेल बदलण्यापूर्वी गाडी थोडी चालवून का आणावी?
(ई) जुने तेल दुधाळ दिसले, तर काय समजावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मामूंची जीप दारात असूनही चालवता आली नाही.
(आ) मागची चाके उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग होत नाही.
(इ) पेटीत तेल जास्त भरू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलांच्या घाईमुळे कोणाकोणाचे नुकसान झाले?
(आ) उस्तादांनी गंजलेले बूच कसे उघडले?
(इ) मामू मुलांना रागावले नाहीत. तुम्ही मामूंच्या जागी असता, तर काय केले असते?

प्र. ४. कामांचा योग्य क्रम लावा.
खालचे बूच काढणे – चाकांना ठोकळे लावणे – नवे तेल भरणे – वरचे बूच उघडणे – पुस्तिका वाचणे – खालचे बूच बसवणे

प्र. ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
फरक, खबरदारी, दुरुस्ती, जमीन, साफ, उस्ताद

प्र. ६. पुढील वाक्ये आज्ञार्थी करा.
(अ) गाडी सपाट जागी उभी करावी.
(आ) जुने तेल गटारात ओतू नये.

उपक्रम : तुमच्या भागातील एखाद्या गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथील उस्तादांना कामाचा असा एक नियम विचारा, जो ते चूक करून शिकले. तो नियम आणि त्यामागील हकिगत मराठीत दहा ओळींत लिहा.